मासवडीचे ताट आणि मजुरांचा अड्डा

बाहेर जेवणे हा विषय आपल्या चळवळीत आजवर कोणी फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. हॉटेलात जाणे ही चैन, आणि चैनीचा विचार चैन करणाऱ्यांनी करावा, अशी आपली एक समजूत आहे. शिबिरात पिठलं-भात, मोर्चात घरून आणलेली शिदोरी आणि दौऱ्यावर एखाद्या सहकाऱ्याच्या घरची भाकरी, एवढ्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या निभावल्या. त्याचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. परंतु ज्यांनी भारताची राज्यघटना लिहिली त्यांना हा विषय क्षुद्र वाटला नव्हता. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात, जेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही अशा जागांची यादी आहे, तेथे विहिरी, तलाव, घाट व रस्ते यांच्याही आधी दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख येतो. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने उपाहारगृहातील प्रवेशाबरोबरच तेथील भांड्यांच्या वापराचाही वेगळा उल्लेख केला. तो करावा लागला, कारण चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला खोचून ठेवलेली वेगळी कपबशी हे त्या काळचे अगदी रोजचे दृश्य होते.

आपल्या गावपंगतीचे शास्त्र सर्वांना ठाऊक आहे. कोण कोणाशेजारी बसणार, कोण वाढणार आणि कोणाच्या वाट्याला शेवटी उरलेले येणार, हे जन्माने ठरलेले असे. जत्रेच्या भंडाऱ्यालाही शिवेबाहेरच्यांची ओळ निराळी पडे. हॉटेलाने ही पंगत मोडली. बाकड्यावर शेजारी येऊन बसलेला माणूस कोण, हे मालकाला विचारता येत नाही; विचारून उठवले तर तो गुन्हा ठरतो. जुन्नर-ओतूर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्यशोधक समाजाचे काम रुजले होते. भटाविना लग्ने लावण्यापर्यंत तेथील शेतकऱ्यांनी मजल मारली होती. रोटीव्यवहाराची गाठ मात्र त्यांनाही सहजी सुटली नाही. ती पुढे चहाच्या टपऱ्यांनी आणि एसटी स्थानकांवरील उपाहारगृहांनी हळूहळू सैल केली. हे काम समतेच्या विचाराने झाले नाही, पैशाने झाले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच पैशाने मोडलेल्या पंगतीच्या जागी पैशानेच नवी पंगत कशी मांडली, हे पाहणे आवश्यक ठरते. ते पाहण्यासाठी जुन्नर व आंबेगाव यांच्याइतका सोयीचा मुलूख क्वचितच सापडेल.

पुण्याहून नाशिकला जाणारा हमरस्ता खेडचा घाट चढून पेठेपाशी आंबेगाव तालुक्यात शिरतो आणि मंचर, कळंब, नारायणगाव करीत आळेफाट्याला पोचतो. तेथे कल्याणहून माळशेज घाटाने नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, जाणारा रस्ता त्याला छेदतो. या पट्ट्यात अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री ही दोन स्थाने आहेत, शिवनेरी आहे, नाणेघाट आहे; मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरचा रस्ता फुटतो. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटनाचा दर्जा दिला. तेव्हापासून शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या मोटारींची रांग येथे कमी झालेली नाही. मोटार म्हटली की जेवण आलेच. परिणामी शंभर किलोमीटरच्या आत खाण्याच्या जितक्या पायऱ्या असू शकतात तितक्या सगळ्या येथे एका ओळीने उभ्या आहेत.

सर्वांत खाली वडापावची गाडी. तिच्यातला बटाटा पुष्कळदा पेठ परिसरातल्या सातगाव पठाराचा असतो. हे पठार खरिपाच्या बटाट्याचे मोठे आगार आहे, आणि वेफर्स बनविणाऱ्या कंपन्यांनी तेथे कराराची शेती कधीच आणली आहे. म्हणजे एकाच वाफ्यातला एक बटाटा गाडीवरच्या कढईत जातो, दुसरा चकचकीत पाकिटात हवा भरून परत त्याच गावच्या दुकानात टांगला जातो. गाडीच्या वर आठवडे बाजारातले भेळ-भज्यांचे पाल. बेल्ह्याच्या बैलबाजारात किंवा ओतूरच्या बाजारात शेतकरी कुटुंब जे एकदा ‘बाहेर’ खाते ते हेच: कागदावरची भेळ, गरम भजी, मुलांसाठी गोडीशेव. त्याच्या वर मिसळीची दुकाने. तेथे रस्सा हवा तेवढा मागता येतो आणि पाव मात्र मोजून मिळतो. त्याच्या वर खाणावळ. आणि खाणावळीच्या वर, रस्त्याच्या दुतर्फा, हिरवळ, कारंजे, झोपाळे आणि बैलगाडीचे चाक भिंतीला टेकवून ठेवलेली ती विस्तीर्ण ‘फॅमिली गार्डन’ उपाहारगृहे. तेथे एका कुटुंबाचे एका वेळचे बिल शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या रोजाइतके सहज होते.

याच्याही वर एक पायरी होती, आणि ती चक्क नारायणगावात होती, हे नव्या कार्यकर्त्यांना कदाचित ठाऊक नसेल. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने येथे फेसाळ द्राक्षमद्य तयार केले. ‘ओमर खय्याम’ या नावाने ते युरोपच्या बाजारात गेले. शॅम्पेनच्या देशातील जाणकारांनीही त्याची दखल घेतली, याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले होते. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून अशा कारखान्यांना करांत भरघोस सवलती दिल्या. २००८ च्या जागतिक मंदीनंतर कंपनी कर्जात बुडाली आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळली गेली. मद्य हा येथे वादाचा मुद्दा नाही. परदेशच्या एका मेजावर बाटली उघडावी म्हणून शासनाने कर सोडला. त्याच द्राक्षाची विरळणी करणाऱ्या बाईने दुपारी काय खाल्ले, हा प्रश्न त्या धोरणाच्या कोणत्याही परिच्छेदात येत नव्हता.

आता मासवडीकडे वळू, कारण या दोन तालुक्यांच्या बाहेर-जेवणाची सगळी कहाणी तिच्यात सामावलेली आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि पलीकडचे अकोले-संगमनेर या भागाचे हे पक्वान्न. नावात मासा असला तरी ताटात नसतो. वडीचा आकार माशासारखा, म्हणून मासवडी, असे सांगतात. बेसन तिखट-मीठ घालून पाण्यात घट्ट शिजवायचे, ते चुलीवरून उतरल्या उतरल्या ओल्या फडक्यावर हाताने थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे आणि फडक्याच्या टोकाने अलगद गुंडाळी करायची. बेसन निवले की ते चिरते आणि सारण बाहेर येते. म्हणून सारा खेळ दोन-तीन मिनिटांचा आणि चटके सोसण्याचा. एकटीला ते जड जाते. एक थापते, दुसरी सारण टाकते. बरोबर तांबडाजर्द पातळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. हे पूर्वी रोजचे अन्न नव्हते. सणावाराला किंवा मानाचा पाहुणा आला तर घरातील दोन-तीन बाया पहाटेपासून राबत तेव्हा मासवडी होई, आणि पाहुणे-पुरुष जेवून उठल्यावर बायांच्या वाट्याला बहुधा कडेचे तुकडे आणि रस्सा उरे.

आज हमरस्त्यावर जागोजागी ‘मासवडी थाळी’चे फलक आहेत. पदार्थ घराबाहेर पडला, त्याला भाव आला, पुण्यातल्या जत्रा-प्रदर्शनांत बचत गटांच्या बायांनी तो विकून चार पैसे मिळवले, हे सर्व स्वागतार्ह आहे. आपल्या अन्नाची लाज वाटण्याचे दिवस गेले हेही चांगलेच झाले. पण फलकावर ‘घरगुती चव’ असे लिहिलेले असते तेथे थोडे आत डोकावून पाहावे. ती चव ज्या हातांची आहे ते हात मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात. भाकरीवाल्या बाईला अनेक ठिकाणी नगावर मजुरी मिळते. गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी ती रिकाम्या हाताने घरी जाते. तिच्या हजेरीचा कागद नसतो, आणि जेथे चुलीवरची भाकरी हेच आकर्षण म्हणून मांडलेले असते तेथे तिला धुरासह दर्शनी भागात बसवले जाते. पाहुण्यांची मुले तिच्याबरोबर छायाचित्र काढून घेतात. घरातील स्त्रीच्या बिनमोल श्रमाला बाजारात मोल मिळाले, पण त्यातला तिचा वाटा ठरविण्याचा अधिकार तिच्याकडे आला नाही.

येथे इतिहासातली एक गोष्ट आठवावी लागेल. जुन्नर-आंबेगावच्या कोरडवाहू गावांतून आणि डोंगरपट्ट्यांतून माणसे मुंबईला गेली ती गिरण्यांत, गोदीत, भायखळ्याच्या आणि दादरच्या भाजीबाजारात, पुढे माथाडी म्हणून. घाटावरून आलेला हा एकटा गडी गिरणगावातल्या खाणावळीत जेवला. ती खाणावळ म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी एखादी कामगार-पत्नी. पाच-पंचवीस जणांचे दोन वेळचे जेवण ती रांधी आणि महिन्याच्या पगारावर पैसे घेई. गिरणीत संप झाला की तिचे पैसे थकत, पण चूल बंद करता येत नसे. मग दागिने सावकाराकडे जात. मुंबईच्या कामगार लढ्यांचे पोट या बायांनी सांभाळले, आणि लढ्यांच्या इतिहासात त्यांना जागा मिळायला फार वेळ लागला. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेण्यासाठी. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या एका बाईला खाणावळ हा संघटनेचा विषय वाटला. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते गिरणगावच उरले नाही. आज त्याच मुंबईकरांची नातवंडे मोटारीने नारायणगावला येऊन आजीच्या हातची म्हणून मासवडी खातात. पूर्वी गावचा माणूस मुंबईत अन्न विकत घेई, आता मुंबईचा माणूस गावात घेतो. रांधणारी बाई मात्र या उलथापालथीत जागची हललेली नाही; फक्त गिरणगावच्या खाणावळवालीला आपल्या चुलीची मालकी तरी होती.

मांसाहारी ताटाची कथा याहून वेगळी नाही, किंबहुना अधिक बोलकी आहे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळाले ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्याच्याबरोबर महादेव कोळी आणि इतर आदिवासींची भातखाचरे गेली. पाणी कालव्याने पूर्वेकडे उसाला आणि बागायतीला गेले. ज्यांची जमीन बुडाली ते काठावर राहिले. जलाशय तयार झाल्यावर त्यातील मासळीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा ठेकेदार तयारच होते. विस्थापितांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने मच्छीमारांची सहकारी संस्था उभारली. वर्षानुवर्षे होडी आणि जाळे न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी मासेमारी शिकून घेतली, पाणी ओसरते तेव्हा उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर केली आणि जलाशयावरचा आपला हक्क सांगितला. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक ‘शाश्वत’ला मिळाले. आपल्या भागातल्या किती कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे? भीमाशंकरच्या वाटेवर ताज्या मासळीची पाटी वाचून जो पाहुणा गाडी थांबवतो त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आपण तरी त्या मालकाला विचारले पाहिजे, की मासळी संस्थेकडून घेता की मध्यस्थाकडून? एवढा एक प्रश्न रोज दहा जणांनी विचारला तरी भावात फरक पडू शकतो.

रानभाज्यांचेही तसेच होऊ घातले आहे. पावसाळ्यात कोळू, कुर्डू, चाई, भारंगी, भोकर या भाज्या डोंगरातल्या बाया टोपलीत घालून बाजाराला आणतात आणि मोडक्या भावात विकून जातात. ऑगस्टमध्ये कृषी खाते रानभाजी महोत्सव भरवते, भाषणे होतात, पौष्टिकतेचे तक्ते लागतात. दुसऱ्या दिवसापासून त्याच भाज्या शेतावरच्या पर्यटन केंद्रात ‘आदिवासी थाळी’ म्हणून मोठ्या दराने वाढल्या जातात. कुपोषणाच्या चर्चेत ज्यांचे नाव येते त्यांच्या ताटाची ही किंमत.

याउलट टोमॅटोकडे पाहा. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यातील मोठ्या बाजारांपैकी एक. २०२३ च्या मे महिन्यात राज्यात टोमॅटोला तोडणीचाही खर्च सुटेना, शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. जुलैमध्ये तोच शहरात किलोला शंभर रुपयांच्या पलीकडे गेला, आणि उत्तर व पूर्व भारतातील मॅकडोनाल्डच्या दुकानांनी तो आपल्या पदार्थांतून वगळल्याचे फलक लावले. ग्राहकाच्या पावात टोमॅटो नाही ही देशभरची बातमी झाली. मे महिन्यात शेतकऱ्याच्या ताटात काय नव्हते, याची झाली नाही.

या सगळ्या पायऱ्यांच्या तळाशी, वडापावच्या गाडीपाशी, पहाटे जो घोळका उभा असतो त्याच्याकडे आता यावे. नारायणगावात मजुरांचा अड्डा आहे. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून बाया-बापड्या द्राक्षाच्या छाटणी-विरळणीसाठी, टोमॅटोच्या बांधणी-तोडणीसाठी येथे येऊन उभ्या राहतात. पिकअप येते, रोज ठरतो, माणसे भरली जातात. घरून भाकरी आणायची तर मध्यरात्री चूल पेटवावी लागते. ज्यांचा मुक्काम उघड्यावर किंवा भाड्याच्या कोंदट खोलीत आहे त्यांना चूलच नाही. ही माणसे रोज बाहेर खातात! चैन म्हणून बाहेर जेवणाऱ्यांची जेवढी चर्चा होते तिच्या शतांशानेही, नाइलाज म्हणून बाहेर खाणाऱ्यांची होत नाही. एक वडापाव, एक चहा, आणि दुपारी मालकाने दिला तर आणखी एक चहा, यावर आठ तास वाकून काम होते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युतीच्या सरकारने एका रुपयात झुणका-भाकर आणली. मोक्याच्या सरकारी जागांवर केंद्रे उभी राहिली, पुढे अनुदान आटले, झुणका-भाकर गेली आणि जागांवरचे गाळे राहिले. त्यांत काय विकले जाऊ लागले हे सर्वांनी पाहिले आहे. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत. टाळेबंदीच्या काळात तिचा दर पाच रुपये झाला, २०२१ मध्ये काही महिने ती मोफतही होती, आणि त्या काळात तिने अनेकांना जगवले याबद्दल दुमत नाही. २०२५ मध्ये मात्र थकलेल्या अनुदानासाठी केंद्रचालकांना गाऱ्हाणी मांडत फिरावे लागले. पण पैसे वेळेवर मिळाले असते तरी या योजनेचा आराखडा आपल्या अड्ड्यावरच्या बाईसाठी झालेलाच नाही. तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. वाकून टोमॅटो तोडणाऱ्या माणसाचे हे जेवण नव्हे, कचेरीतल्या कारकुनाचे आहे. आणि वेळ भर दुपारची, जेव्हा ती बाई केंद्रापासून दहा-पंधरा किलोमीटरवर कोणाच्या तरी मळ्यात असते. तमिळनाडूत २०१३ मध्ये अम्मा उणवगम सुरू झाली तेव्हा ती पहाटेच्या इडलीपासून सुरू झाली. तेथे कामाला निघणारा माणूस डोळ्यापुढे होता. आपल्याकडे योजना आखणाऱ्याच्या डोळ्यापुढे बहुधा त्याची स्वतःची जेवणाची सुट्टी होती.

उत्तर दूर शोधायला नको. पुण्याच्या हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. भाकरी, कालवण, भाजी. ना नफा ना तोटा. हमालासाठी, पण दार सर्वांना उघडे. ती कोणाच्या दयेवर उभी नव्हती, संघटनेच्या वर्गणीवर आणि रोजच्या गल्ल्यावर उभी होती. म्हणून सरकारे आली-गेली तरी ती चालत राहिली. ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम आणि ही भाकर एकाच माणसाच्या कामातून आली हाही योगायोग नव्हे.

दुसरी बाजू गल्ल्यामागची. हॉटेलातल्या कामगारांना आपण कामगार म्हणून क्वचितच मोजतो. सकाळी सातला भट्टी पेटल्यापासून रात्री अकराला खुर्च्या उलट्या टाकेपर्यंत तीच माणसे उभी असतात. मोरीवरचा माणूस दिवसभर ओल्यात. त्याच्या बोटांची कातडी पाहिली की आणखी काही विचारावे लागत नाही. जेवण-राहणे पगारातच धरलेले, आणि राहणे म्हणजे गिऱ्हाईक गेल्यावर जोडलेली टेबले. पूर्वी ही मुले डोंगरपट्ट्यातली असत; आता नेपाळ, बिहार, उत्तर प्रदेश येथूनही येतात, आणि भाषा न कळणारा कामगार मालकाला अधिक सोयीचा वाटतो. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामाला ठेवण्यास बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने बंदी सर्वच व्यवसायांना लागू केली, पण कुटुंबाच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्याची पळवाट ठेवली. ‘पुतण्या आहे’ हे उत्तर त्या पळवाटेतून आले.

कायद्याचे छप्परही अंगावरून सरकत चालले आहे. १९४८ च्या दुकाने व संस्था कायद्यात उपाहारगृहांचा स्वतंत्र विचार होता. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्याच्या बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. जुन्नर-आंबेगावच्या रस्त्याने चालत जाऊन ज्या उपाहारगृहात वीस कामगार आहेत अशी किती सापडतात ते मोजून पाहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या; त्यांत किमान वेतन सर्वांना असल्याचे सांगितले जाते. ते या मोरीपर्यंत पोचविण्याचे काम निरीक्षक करणार नाही, संघटनाच करू शकेल.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. या दोन तालुक्यांतील बहुसंख्य हॉटेलमालक भांडवलदार नाहीत. शेती परवडेना म्हणून रस्त्याकडेच्या चार गुंठ्यांवर कर्ज काढून पत्रे टाकलेली ही शेतकऱ्यांचीच मुले आहेत. व्यापारी गॅस सिलिंडरचा दर महिन्याच्या महिन्याला बदलतो, तेल-डाळ त्यांच्या हातात नाही, आणि गेल्या काही वर्षांत मंचर-नारायणगावला वळसा घालणारे बाह्यवळण रस्ते झाल्यापासून जुन्या रस्त्यावरच्या कित्येकांचे गिऱ्हाईक एका रात्रीत गेले. नव्या रस्त्यावर जागा घेण्याची ऐपत ज्यांची होती ते तिकडे गेले. अशा मालकाशी मोर्चाची भाषा बोलून काही साधणार नाही. भाकरीवाल्या बाईला नगाऐवजी रोज द्या, आठवड्याची सुट्टी द्या, या गोष्टी त्याच्या बाकावर बसून, चहा पिता पिता बोलण्याच्या आहेत. कारंजेवाल्यांची गोष्ट निराळी. तेथे हजेरीपत्रक मागावेच लागेल.

जाता जाता पाण्याविषयी. नाणेघाटात आणि जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके दान दिल्याच्या नोंदी आढळतात. वाटसरूला पाणी पाजणे हे पुण्य होते आणि व्यापारी मार्गाची गरजही होती. आज जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे आहेत, शेजारी डिंभे आहे. आणि त्यांच्या कुशीतल्या उपाहारगृहात बसल्या बसल्या वेटर विचारतो, बाटली आणू की साधे? ‘साधे’ हा शब्द तो अशा सुरात उच्चारतो की मुलाबाळांसमोर माणूस ओशाळून बाटली मागवतो. साध्या पाण्याचा जग न मागता टेबलावर आलाच पाहिजे, एवढी मागणी तरी ग्रामसभांतून व्हायला काय हरकत आहे? तिला पैसा लागत नाही.

बाकी कामाचे. नारायणगावच्या बाजार समितीकडे ‘कष्टाची भाकर’ या धर्तीच्या केंद्रासाठी जागा मागावी, असा प्रस्ताव जुन्नरच्या कार्यकर्त्यांपुढे ठेवावासा वाटतो. जागा अड्ड्यावरून चालत जाता येईल अशी हवी. वेळ पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ. दुपारची भाकरी सकाळीच फडक्यात बांधून मिळावी. ताटात भाकरी, कडधान्याचे कालवण, कांदा. तिसऱ्या भाकरीचे वेगळे पैसे नाहीत. थापणाऱ्या बायांना महिन्याचा पगार, आणि व्यवस्थापनाच्या समितीत निम्म्या जागा त्यांच्या व मजुरांच्या. मासळी करायची त्या दिवशी ती डिंभ्याच्या विस्थापितांच्या संस्थेकडूनच घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला दारावरच्या फळ्यावर लिहावा. मसुदा येत्या बैठकीपूर्वी तयार व्हावा, आणि अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या किमान वीस बायांना तो वाचून दाखविल्याशिवाय त्यावर कोणाच्याही सह्या घेऊ नयेत.